वीज गेल्यानंतरची पाच मिनिटं

मंडळी, घरच्या सर्व्हरला यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर पुरवठा देणारा डबा, घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "बॅकअप किती मिळेल?" मी मात्र वेगळ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. वीज गेली हे सर्व्हरला कळणार कसं? कळलं नाही, तर अर्ध्या तासाच्या बॅकअपचा शेवटही तोच होतो: डिस्कवर लिहिणं चालू असताना पुरवठा तुटतो, डेटाबेस अर्धवट राहतो. म्हणून यूपीएसच्या मागे यूएसबी पोर्ट आहे का, ते आधी पाहा. ते डेटाचं आहे ना, याचीही खात्री करा. काही मॉडेलवर ते नुसतं मोबाइल चार्ज करण्यापुरतं असतं.

आता भार. सर्व्हरच्या पॉवर सप्लायवर ५५० वॉट छापलेलं असतं ती त्याची कमाल क्षमता. सर्व्हर तेवढी वीज ओढतोच असं नाही. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर घ्या आणि दोन आकडे टिपा, एक स्वस्थ असतानाचा, एक पूर्ण ताणावरचा. साडेतीन इंची हार्ड डिस्क असतील तर सुरू होतानाचा झटका वेगळा धरा. फिरू लागताना एकेक डिस्क १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते. चार डिस्क एकदम उठल्या की काही सेकंदांपुरते जवळजवळ १०० वॉट जास्तीचे लागतात. राउटर आणि फायबरचा डबाही याच हिशेबात घ्या. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीही लावू नका, त्याचा हीटर एका दमात शेकडो वॉट मागतो.

यूपीएसच्या खोक्यावर ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) लिहिलंय म्हणजे ६०० वॉट मिळाले असं नाही. घरगुती मॉडेलमध्ये पॉवर फॅक्टर, म्हणजे व्हीएपैकी वॉटमध्ये मिळणारा वाटा, बरेचदा ०.६ असतो, म्हणजे हातात ३६० वॉट. तुमचा कमाल भार त्याच्या दोन तृतीयांशात बसायला हवा.

आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असेल, तर कागदावर ८४ वॉट-तास होतात. पण ही क्षमता २० तासांत हळूहळू रिकामी करून मोजलेली असते. ६० वॉटच्या भाराला बॅटरीतून ६ अँपिअरच्या वर प्रवाह निघतो, आणि शिसे-आम्लाची बॅटरी जितकी जोरात उपसाल तितकं कमी देते. शिवाय बॅटरीची डीसी वीज एसी करणाऱ्या इन्व्हर्टरमधली गळती. बॅटरी नवी असताना ३५-४० मिनिटं मिळाली तर उत्तम समजा. भार २०० वॉट झाला की दहा मिनिटंही धरू नका.

प्रकार निवडताना फार घोळ नको. लाइन-इंटरॅक्टिव्ह घ्या, कमी-जास्त व्होल्टेज तो बॅटरीला हात न लावता सावरतो. बॅटरीवर यायला त्याला साधारण ४ ते १० मिलिसेकंद लागतात, आणि चांगला पॉवर सप्लाय पूर्ण भारावरही १६ मिलिसेकंदांच्या आसपास तग धरतो. बॅटरीवरून मिळणाऱ्या विजेचा तरंग मात्र शुद्ध साइन, म्हणजे गुळगुळीत, हवा. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेले काही पॉवर सप्लाय पायऱ्यापायऱ्यांच्या तरंगावर गडबडतात आणि नेमके वीज जाताक्षणीच बंद पडतात. ऑनलाइन प्रकार कायम इन्व्हर्टरमधूनच वीज देतो, त्यामुळे त्यात बॅटरीवर येतानाचा हा खंड नसतोच, पण पंखा सतत फिरतो, उष्णता होते आणि वीज बारा महिने जळते.

यूपीएस आणि सर्व्हर यूएसबीने जोडल्यावर त्यांच्यातल्या संवादासाठी सर्व्हरवर नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे नट, हे सॉफ्टवेअर बसवा. बहुतेक यूपीएस त्याच्या यूएसबीहिड ड्रायव्हरवर चालतात. स्थिती 'ओएल' म्हणजे मेन्सवर, 'ओबी' म्हणजे बॅटरीवर, 'एलबी' म्हणजे बॅटरी संपत आली. इथे लोक हमखास फसतात: सगळं त्या 'एलबी'वर सोडून देतात. बॅटरी जुनी झाली की ४० टक्के दाखवता दाखवता व्होल्टेज कोसळतं आणि इशारा येईपर्यंत सगळं अंधारात गेलेलं असतं. त्यापेक्षा वेळ लावा, पाच मिनिटं बॅटरीवर गेली की शटडाउन सुरू. आभासी मशिन आणि कंटेनर (सर्व्हरच्या आत वेगवेगळे चालणारे संगणक आणि प्रोग्राम) धरून सर्व्हर बंद व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा, आणि पाच मिनिटांनंतर त्याच्या दुप्पट वेळ तरी बॅटरीत शिल्लक राहील असं पाहा.

दुसरी अडचण याहून छुपी आहे. शटडाउन सुरू झालं आणि मध्येच वीज परतली. सर्व्हर बंद झाला, पण यूपीएसचा पुरवठा तुटलाच नाही, त्यामुळे बायॉसमधलं (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमधलं) 'वीज आल्यावर सुरू हो' हे सेटिंग जागंच होत नाही. म्हणून शटडाउनच्या अगदी शेवटी नटने यूपीएसलाच पुरवठा तोडायला आणि नंतर पुन्हा जोडायला सांगितलं पाहिजे. ड्रायव्हरमध्ये तोडण्याआधीचा अवधी मुळात २० सेकंद आणि जोडण्याचा ३० असतो. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठाच ठेवा.

चाचणी आधी साध्या बल्बवर करा, मग सर्व्हरवर. प्लग उपटू नका, त्याने अर्थिंगही तुटतं. भिंतीवरचं बटण बंद करा. बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षं टिकते, आणि तापमान २५ अंशांच्या वर दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं, तेव्हा यूपीएस बंद कपाटात कोंबू नका. बदलताना दोन बॅटऱ्या असतील तर दोन्ही एकदम बदला, आणि बसवल्याची तारीख मार्करने बॅटरीवरच लिहा. बॅटरीची पाठ फुगून ती खोबणीत अडकली असेल तर ओढाताण करू नका. आधी यूपीएस बंद करून तारा काढा, आणि मग बाहेरचं आवरण उघडा.