इंदूरच्या उजेडातला गुलाब

मृगातल्या काक्षी ताऱ्याकडून प्रश्वा ताऱ्याकडे निघा. वाटेत, सुमारे ५,००० प्रकाशवर्षांवर, गुलाबासारखा दिसणारा रोझेट तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, आहे. आकाशातला त्याचा पसारा पूर्णचंद्राच्या दुपटीहून मोठा, पण इतका फिका की इंदुरातून डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. मध्यरात्र उलटली तरी सराफ्यातला खाऊबाजार जागा, आणि आभाळभर शहराचा उजेड.

तरीही लोकमान्य नगरातल्या एका परसात काका पत्र्याचं छप्पर रुळांवरून मागे ढकलतात. खाली सिमेंटचा खांब, त्यावर दुर्बीण. झाली वेधशाळा.

या गुलाबाच्या मधोमध तरुण, तापलेल्या ताऱ्यांचा गुच्छ आहे. त्यांच्या अतिनील किरणांनी भोवतालच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात. ते पुन्हा अणूत येतात, आणि तिसऱ्या पातळीवरून दुसरीवर उतरताना ठरलेला लाल प्रकाश देतात: ६५६.३ नॅनोमीटर. काकांच्या कॅमेऱ्यापुढचा फिल्टर याच्या आसपासचा ७ नॅनोमीटरचा पट्टा तेवढा आत सोडतो. सोडियमच्या दिव्यांचा पिवळा ५८९ला, म्हणजे बाहेरच. एलईडी मात्र सगळ्याच रंगांत थोडा थोडा सांडतो. वीजबिलाला तो स्वस्त, दुर्बीणवाल्यांना महाग.

पृथ्वी फिरते, म्हणून दुर्बीण ज्याभोवती फिरते तो अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. इंदुरात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २३ अंशांवर, आणि इथे तो शेजारच्या इमारतीमागे गेलाय. मग दुसऱ्याच एखाद्या ताऱ्याची घसरण बघत स्क्रू पिळत बसायचं. खरी चिकाटी इथे लागते, फोटो काढायला नाही.

पडद्यावरचा हा पाच मिनिटांचा एक फोटो: नुसते दाणे. असे १६ एकावर एक रचले की दाणे चौथ्या हिश्श्यावर येतात, ६४ रचले की आठव्या. थोडक्यात, फोटो दुप्पट स्वच्छ हवा असेल तर चौपट वेळ द्या.

निळ्या-सोनेरी तेजोमेघांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्यांत गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग नेमून दिलेला असतो. काकूंना तेच आवडतात. आम्हाला विचाराल तर हायड्रोजन लालच बरा.

ऑक्सिजनचे फोटो अजून व्हायचेत. त्याच्या निळसर-हिरव्या प्रकाशाला चांदणं फार बाधतं, तेव्हा काका अमावस्येसाठी थांबलेत. चैत्रात रोझेट लवकर मावळू लागेल. त्याआधी पौषाची, माघाची आणि फाल्गुनाची, एवढ्या तीनच मिळतील.