कवीची मूठ

नमस्कार श्रोतेहो.

कराटे शिकणाऱ्यांना फुनाकोशी गिचिन हे नाव परकं नाही. पण हे गुरुजी कवी होते. १८६८ साली जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावर शुरी इथं जन्मलेले, पेशानं शाळामास्तर, सुलेखनात निष्णात. कविता करायचे ‘शोतो’ या टोपणनावानं. पुढे शिष्यांनी त्याच नावावरून त्यांच्या कराटेशाळेला शोतोकान म्हटलं.

दिवसा शाळा, रात्री गुरू आझातो यांचं अंगण. एकच काता, म्हणजे कराटेतल्या हालचालींचा ठरलेला क्रम, महिनोन्महिने. गुरू म्हणायचे, ‘पुन्हा कर.’ हे लक्षात ठेवा श्रोतेहो, पुन्हा कर! आज घरोघरी विचारतात, पुढचा पट्टा कधी मिळणार? हा प्रश्न मुलांना विचारूच नये, असं माझं ठाम मत आहे. काता किती मुरला, ते विचारावं.

आता मला फार आवडणारी एक हकिगत. १९२२ साली फुनाकोशी प्रात्यक्षिक दाखवायला टोकियोला आले. वयाची पन्नाशी उलटलेली. काम झालं की परतायचं होतं. पण ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी बोलावून घेतलं, मग चित्रकार कोसुगी होआन यांनी गळ घातली, ‘राहा, आम्हांला शिकवा.’ आणि ते राहिले. पत्नी मात्र ओकिनावातच. राहायला जागा मिळाली ती ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, एक लहानशी खोली. गाठीशी पैसा नाही. मग त्यांनी तिथली कामं अंगावर घेतली. खोल्या झाडायच्या, बाग राखायची, राखणदारी करायची. आचाऱ्याला कराटे शिकवलं, तर तो जेवणाच्या पैशात सूट द्यायचा. आणि संध्याकाळी वर्ग.

एकदा गुरुजी बागेत झाडत होते. एक पाहुणे आले. म्हणाले, ‘कराटेचे फुनाकोशी कुठं भेटतील?’ हे म्हणाले, ‘जरा थांबा हं.’ झाडू ठेवला, लगबगीनं खोलीत गेले, चांगला किमोनो चढवला आणि दाराशी येऊन म्हणाले, ‘नमस्कार, मीच फुनाकोशी.’ पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य ते कधी विसरले नाहीत. आत्मचरित्रात त्यांनी ते आवर्जून लिहिलंय. झाडलोटीच्या त्या दिवसांची त्यांनी कधी लाज बाळगली नाही. मला तर हा प्रसंग त्यांच्या कुठल्याही प्रात्यक्षिकापेक्षा मोठा वाटतो.

लिहिणंही असंच चाललेलं. कोसुगींच्या आग्रहावरून त्यांनी १९२२ सालीच कराटेवर पुस्तक काढलं. १९२३ च्या भूकंपात त्याचे छपाईचे ठसे नष्ट झाले. पुन्हा कर! १९२५ साली ते नव्यानं आलं, आता स्वतः गुरुजी काता करताहेत अशा छायाचित्रांसह. १९३५ साली आणखी मोठा ग्रंथ. आत्मचरित्र तर आयुष्याच्या अगदी अखेरीस लिहिलं, ऐंशी उलटल्यावर. १९५७ साली ते गेले.

तुमच्यापैकी कुणी कराटे करत असेल, तर त्या आत्मचरित्रातली वसतिगृहाच्या दिवसांची पानं जरूर वाचा. घरात मोठ्यानं वाचा, मुलांनाही ऐकू द्या.

नमस्कार.