वही शिक्षकाची, पान प्राध्यापकासमोर

नमस्कार श्रोतेहो.

सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंची कल्पना करा. पुलांचा धडा चालू आहे. मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "बाई, जुने पूल दगडाचे, मग झुलत्या पुलाला दगड का नाही चालत?" उत्तर पुस्तकात नाही. बाईंनी पदवी घेऊन पंधरा वर्षं झालेली, तीही जीवशास्त्रात. त्या म्हणतात, "उद्या सांगते." हा "उद्या" पुष्कळदा उजाडतच नाही, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

यावर अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात काय केलं गेलं, ते आज सांगणार आहे. कनेक्टिकट राज्यातल्या या शहरात येल विद्यापीठ आहे, 1701 साली सुरू झालेलं, गडगंज आणि नामांकित. त्याच्या भिंतीपलीकडे शहराच्या सरकारी शाळा, आणि त्यांत गरीब घरची मुलं मोठ्या संख्येनं. 1970 साली येलचा इतिहास विभाग आणि या शाळांचे इतिहासशिक्षक एकत्र काम करू लागले. त्यातूनच 1978 मध्ये येल-न्यू हेवन टीचर्स इन्स्टिट्यूट उभी राहिली. जेम्स व्हिव्हियन तिचे पहिले संचालक.

प्रशिक्षण म्हटलं की शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. वरून विषय येतो, कुणीतरी भाषण देतं, सही करून घरी. इथे मांडणी उलटी आहे. कोणते विषय हवेत हे आधी शिक्षकच आपल्या शाळांतल्या सहकाऱ्यांना विचारून ठरवतात, आणि मग ते शिकवू शकेल असा प्राध्यापक शोधला जातो. साधारण डझनभर शिक्षक आणि एक प्राध्यापक, असं चर्चासत्र वसंत ऋतूपासून जुलैपर्यंत चालतं. शिक्षकाला तिथे फेलो म्हणतात, विद्यापीठाचं ग्रंथालय त्याला खुलं असतं आणि काम पुरं केलं की मानधनही मिळतं. मानधनाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण शाळा सुटल्यावर, तपासायच्या वह्या बाजूला ठेवून हे काम करायचं असतं. निव्वळ उत्साहावर ते फार दिवस रेटत नाही.

या बैठकांतून प्रत्येक शिक्षक आपल्या वर्गासाठी एक घटक लिहून तयार करतो. त्यात अध्यापनाच्या पद्धती असतात, नमुन्याचे पाठ असतात, मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी वाचनाची यादी असते. पण मला विशेष वाटतो तो पहिला भाग. तिथे विषय स्वतः समजून घेऊन, स्वतःच्या शब्दांत, सलग गद्यात मांडावा लागतो. मुद्दे काढून भागत नाही. आपलं पाठटाचण चार ओळींत उरकतं: उद्दिष्ट, साहित्य, कृती, मूल्यमापन. सलग लिहायला बसलं की मात्र आपल्याला काय कळलेलं नाही, ते तिसऱ्याच वाक्याला उघडं पडतं. असा कच्चा खर्डा प्राध्यापकाला दाखवायचा, त्याच्या शेऱ्यांसह परत घ्यायचा, पुन्हा लिहायचा. वीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांवर शेरे मारलेल्या माणसाला हे सोपं जात नसणार.

आपल्या बाई तिथे गेल्या असं समजू. स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक सांगतात की दगड दाब भरपूर सोसतो, ताण मात्र सोसत नाही. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरतो, म्हणून ती उभी राहते. झुलत्या पुलाच्या दोरखंडात सगळा ताणच असतो, तिथे पोलाद लागतं. पुढे ते फळ्यावर समीकरणं मांडतात. बाई म्हणतात, "सर, माझ्याकडे चाळीस मिनिटं आणि तीस मुलं आहेत." मग तोडगा बाईच काढतात. दोन मुलांनी समोरासमोर उभं राहून तळवे एकमेकांवर टेकवायचे आणि पाय मागे सरकवायचे, की झाली कमान, तळव्यांना दाब कळतो. मग हात धरून मागे रेलायचं, की खांद्यांना ताण कळतो. समीकरण प्राध्यापकाचं होतं, पण तेरा वर्षांच्या मुलांपर्यंत ते न्यायचं कसं, हे बाईंनाच माहीत होतं. मुलांना कसं शिकवावं हे सांगायला प्राध्यापक तिथे नसतोच. तो आपला विषय सांगतो, आणि एवढी मर्यादा त्याने पाळली तरच ही बैठक टिकते.

1990च्या दशकाच्या अखेरीस हीच पद्धत पिट्सबर्ग, ह्यूस्टन, अल्बुकर्की आणि सांता आना या शहरांत करून पाहिली गेली. 2004 पासून येलने तिला राष्ट्रीय उपक्रमाचं रूप दिलं. दुसऱ्या गावांचे शिक्षक जुलैमध्ये येलला येऊन राहतात आणि घटक लिहितात. सगळे घटक छापून इतरांसाठी ठेवले जातात. दुसऱ्याचा घटक उचलून जसाच्या तसा शिकवावा का? माझ्या मते नाही. तो त्या बाईंच्या तीस मुलांसाठी बेतलेला आहे. त्यातला पहिला, विषयाचा भाग घ्यावा आणि कृती आपल्या आपण शोधाव्यात.

मागच्या बाकाचं मात्र समाधान झालेलं नसतं. तळवे टेकवून झाल्यावर तिथून पुढचा प्रश्न येतो: "बाई, मग काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या कशाला घालतात?" या वेळी बाई "उद्या" म्हणत नाहीत. खडू घेऊन फळ्याकडे वळतात.

नमस्कार.