रबाळ्याच्या गाळ्यातला जॅझ

व्हिडिओत हा टेम्पोत गादी टाकून आडवा ठेवलाय ना, तो डबल बास, व्हायोलिनसारखं पण खालच्या सुरांचं वाद्य. माणसाएवढा उंच, मुलुंडहून ऐरोली पुलावरून रबाळ्याला चाललाय. एमआयडीसीतला हा गाळा, खाली पत्र्याचं काम आणि वर पोटमाळ्यावर चौघांचा जॅझ बँड, सॅक्स म्हणजे सॅक्सोफोन, पियानो, बास, ड्रम्स. पियानो म्हणजे कीबोर्डच हं, खरा पियानो या जिन्यावरून चढलाच नसता, जिना बघा ना.

भिंतीवर सेलोटेपने चिकटवलेला फोटो चिक चॉकलेटचा, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्याचा ट्रम्पेटवाला. १९३५ साली अमेरिकन लिऑन ॲबीचा जॅझ बँड मुंबईच्या ताज हॉटेलात वाजवायला आला, मग गोव्याची पोरं हॉटेलांत वाजवायला लागली, तिथून सिनेमात गेली, सी. रामचंद्रांचं संगीत असलेल्या १९५१ च्या 'अलबेला'त तर हा चिक चॉकलेट बँडसकट पडद्यावर दिसतो. एवढा जुना आहे आपल्याकडे जॅझ, तरी कार्यक्रमाला गेलं की फर्माईश येते ती त्याच त्या अमेरिकन चालींची. या चौघांच्या अल्बमवर त्यातली एकही नाही, सगळ्या चाली स्वतःच्या.

आता हा कागद बघा. एक चाल, एक पान. वर सूर, त्याच्या डोक्यावर कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांची नावं, बस्स, बाकी काही लिहिलेलं नसतं. आधी सगळे मिळून चाल वाजवणार, मग त्याच कॉर्डवर एकेक जण सोलो घेणार, म्हणजे मनाने वाजवणार, शेवटी परत चाल. कोपऱ्यात पेन्सिलने 'तुर्भे' लिहिलंय ते कामापुरतं नाव, आणि तेच राहिलं.

ही चाल पियानोवालीची. ती लहानपणी नौपाड्यात पेटी शिकायची, शेजारी तबला, त्यामुळे रूपक ताल डोक्यात पक्का बसलेला. सात मात्रा, तीन-दोन-दोन. आणि रूपकाची गंमत अशी की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, 'खाली'च्या जागी येते, म्हणजे पहिल्या मात्रेला टाळी नाही, डग्गाही घुमत नाही, टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेला. आता जॅझमधल्या बासवाल्याला सवय काय, तर पहिल्या ठोक्यावर कॉर्डचा खालचा सूर दणकून द्यायचा. हिने सांगितलं, पहिल्याला गप्प बस, चौथ्याला ये. झालं! बासवाल्याचा हात आपोआप पडतोय, ड्रमर हसतोय, सॅक्सवाला सोलोत कुठेतरी हरवलाय आणि मान हलवून चौथी मात्रा शोधतोय. एडिटिंगला हा शॉट कापायला जीवच होईना, म्हणून जरा लांबलाय, चालवून घ्या.

पुढे बघा, ड्रमरने काठ्या ठेवून ब्रश घेतले, तारांचे, स्नेअरवर घासतोय. पहिली मात्रा रिकामी आहे हे आता ऐकू यायला लागलं, कारण तिथे खरंच कोणी काही वाजवत नाहीये.

रेकॉर्डिंग इथेच केलं, सुट्टीच्या दिवशी, खालचं पत्रे दाबायचं प्रेस मशीन बंद असताना. चौघं एकाच खोलीत, एकदम. त्यामुळे ड्रम्स सॅक्सच्या माइकमध्ये घुसतात, सॅक्स बासच्या, मग एकाचं चुकलं तर तेवढंच पुसून परत भरता येत नाही, सगळ्यांनी पहिल्यापासून वाजवायचं. स्टुडिओत वेगवेगळं भरून जोडलं असतं तर काम सोपं होतं, पण मग सोलो घेताना सॅक्सवाल्याने काही वेगळं काढलं तर त्याला उत्तर कोण देणार? हे बघा, आत्ता दिलं पियानोवालीने. कागदावर नाहीये हे.

अल्बम आलाय, ऑनलाइन ऐकता येतो, खर्च काही निघाला नाही, सॅक्सवाला अजून लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो.

आता 'तुर्भे' पूर्ण लावतोय, मी मध्ये बोलणार नाही. पाय आपटायचा असेल तर चौथ्याला आपटा.