पार्ट कंपनीचा की बाहेरचा: एका बुशच्या निमित्ताने

अध्यक्षमहोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि श्रोतेहो,

पत्रिकेवर आजचा विषय 'मोटारीच्या सस्पेन्शनचे सुटे भाग: कंपनीचे घ्यावेत की बाहेरचे?' असा छापला आहे. सस्पेन्शन म्हणजे चाके आणि गाडीचा सांगाडा यांच्या मधली, रस्त्याचे धक्के गिळणारी यंत्रणा. आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात गाडी आहे. पावसाळा सरत आला, खड्ड्यांनी आपले काम केले आणि पुढच्या चाकाकडून खडखड ऐकू येऊ लागली की गॅरेजमध्ये आपल्याला विचारतात, "साहेब, कंपनीचा टाकू की लोकल?" त्या क्षणी आपल्या हाती माहिती असते ती फक्त दोन किमतींची. ज्याला पैसे वाचवायचे असतात तो लोकल म्हणतो, ज्याला धास्ती वाटते तो कंपनीचा म्हणतो, आणि दोघांनाही आपण योग्य तेच केले की नाही याची खात्री नसते. माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्नच अपुरा आहे. भाग कोणता, तो मुळात कोणी घडवला आणि तो बसवणार कोण व कसा, हे कळल्यावाचून त्याला उत्तर देता येत नाही.

माझी ३२ वर्षे भोसरीतल्या एका रबराच्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात गेली. आम्ही शॉकअप, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बनवत नव्हतो आणि स्प्रिंगही बनवत नव्हतो. आम्ही बुश बनवत होतो. त्यामुळे मी बुशपासूनच सुरुवात करणार आहे, आणि तिथे थोडा रेंगाळलो तर आपण सांभाळून घ्यावे, कारण सस्पेन्शनमध्ये सर्वांत कमी किमतीचा आणि सर्वांत जास्त गैरसमजाचा भाग तोच आहे.

लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा पोलादी हात. त्याच्या चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे गोळा आणि वाटीचा फिरता सांधा, असतो आणि सांगाड्याकडच्या बाजूला बहुधा दोन बुश असतात. बुश म्हणजे बाहेर पोलादी नळी, आत तशीच एक लहान नळी, आणि दोहोंच्या मध्ये रबर. हे रबर नुसते कोंबलेले नसते. नळी आधी छर्‍यांच्या माऱ्याने खरखरीत करतात, तिला फॉस्फेटचा थर देतात, त्यावर चिकटद्रव्य लावतात आणि मग साच्यात, उष्णता आणि दाबाखाली, रबर पक्के होत असतानाच ते धातूला कायमचे धरते. ही पकड चांगली की वाईट हे बाहेरून दिसत नाही. आमच्याकडे प्रत्येक घाण्यातले काही नग बाजूला काढून त्यांचे रबर धातूपासून ओढून फाडत असू. फाटताना रबर मधूनच तुटले आणि धातूवर त्याचा काळा थर शिल्लक राहिला, तर पकड उत्तम. रबर सोलले जाऊन खालचा धातू उघडा पडला, तर तो घाणा पुढे जात नसे. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या उजव्या अंगठ्याला त्या कामाचा घट्टा होता, तो अजूनही गेलेला नाही.

बाजारातल्या अगदी स्वस्त बुशमध्ये नेमके इथेच पैसे वाचवलेले असतात. ताज्या नैसर्गिक रबराच्या जागी जुन्या टायरांपासून परत मिळवलेले रबर अधिक प्रमाणात मिसळतात, चिकटद्रव्याचा एखादा थर गाळतात, आणि काउंटरवर तो नग तितकाच काळा, तितकाच टणक, कधी कधी तर मूळ नगापेक्षाही चकचकीत दिसतो. दुसरी गोष्ट आकाराची. अनेक गाड्यांच्या लोअर आर्मच्या मागच्या बुशमध्ये, रबरात मुद्दाम दोन पोकळ कप्पे ठेवलेले असतात. खड्ड्याचा धक्का पुढून येतो, तेव्हा बुशने थोडे मऊ राहून तो गिळावा; वळणावर बाजूचा ताण येतो, तेव्हा मात्र त्याने ताठ राहावे, यासाठी ही रचना असते. नक्कल करणारा पुष्कळदा हे कप्पे भरूनच टाकतो. असा भरीव बुश लवकर फाटेलच असे नाही, पण प्रत्येक सांध्याचा दणका स्टिअरिंगपर्यंत येतो आणि गाडीचा मालक शॉकअप गेले असे समजून शॉकअप बदलतो.

आता मला माझ्याच गाडीची हकिगत सांगितली पाहिजे, कारण आजचा विषय मला तिच्यापासून सुचला. २०१६ साली माझ्या गाडीचा डावा लोअर आर्म बदलायचा होता. मी बाहेरचा, ८५० रुपयांचा घेतला. आठ महिन्यांत बुश फाटला. घरी आणि शेजारीपाजारी सर्वांनी तेच सांगितले, जे आपणही सांगितले असते: लोकल घेतलात, म्हणून फाटला. दुसऱ्या वेळी मी अधिकृत सेवा केंद्रात गेलो आणि कंपनीच्या डब्यातला आर्म २,१०० रुपयांना बसवून घेतला. तो दहा महिन्यांत फाटला. तिथे विचारले तेव्हा उत्तर मिळाले की रस्ते खराब आहेत. रस्ते खराब आहेत हे मला ठाऊक होते, पण उजव्या बाजूचा, गाडीबरोबर आलेला आर्म त्याच रस्त्यांवरून पाच वर्षे चालला होता आणि त्याच्या बुशला चीरही नव्हती.

तो फाटलेला बुश मी घरी आणला, हॅकसॉने उभा चिरला आणि रबर ओढून पाहिले. धातूवर काळा थर जशाचा तसा होता. म्हणजे पकड उत्तम होती, रबर चांगले होते, आणि तरीही ते एका बाजूने तिरके, मुरगळल्यासारखे फाटले होते. असा नग माझ्या टेबलावर आला असता तर मी त्यात दोष काढू शकलो नसतो. तो मी तीन-चार जणांना दाखवला. शेवटी नाना पेठेत, सुट्या भागांच्या दुकानांमागच्या एका गल्लीत, एका छोट्या गॅरेजमधले वयस्क फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांनी तो हातात घेतला, उजेडात फिरवला आणि म्हणाले, "साहेब, ह्याला रबरानं नाही मारलं. हा पिळून मेला. बोल्ट आवळला तेव्हा गाडी कुठं होती, लिफ्टवर ना?"

गाडी लिफ्टवरच होती. दोन्ही वेळा होती.

हे नीट समजून घ्यावे अशी माझी विनंती आहे. बुश हा काही बिजागरीसारखा फिरणारा भाग नव्हे. बोल्ट आवळला की आतली नळी सांगाड्याला घट्ट धरली जाते. त्यानंतर आर्म वर-खाली होतो तेव्हा फक्त मधले रबर पिळले जाते आणि पुन्हा सुटते. म्हणून गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या वजनाने उभी असताना रबर मोकळे असले पाहिजे. गाडी लिफ्टवर असते तेव्हा चाक खाली लोंबते आणि आर्म खाली झुकलेला असतो. त्या स्थितीत बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली उतरताच रबर पिळले जाते आणि रात्रंदिवस, गाडी उभी असतानाही, पिळलेलेच राहते. खड्डा येतो तेव्हा त्या आधीच ताणलेल्या रबराला आणखी ताण सोसावा लागतो. योग्य पद्धत अशी की बोल्ट नुसता हाताने लावून घ्यावा, गाडी चाकांवर उभी करावी, खालून काम करता येईल अशा रॅम्पवर किंवा गॅरेजमधल्या खड्ड्यावर न्यावी, आणि मग ठरवून दिलेल्या जोराने टॉर्क पान्याने शेवटचा आवळ द्यावा. याला फार तर पंधरा मिनिटे जास्त लागतात. मामांनी तसेच केले. तिसरा आर्म पुन्हा बाहेरचाच होता, मात्र नावाजलेल्या उत्पादकाचा. २०२१ साली मी गाडी विकली तोवर त्याला काही झाले नव्हते.

माझी खरी तक्रार इथे आहे, आणि ती मी तळमळीने मांडतो. आम्ही कारखान्यात एका बुशच्या कठीणपणासाठी, त्याच्या मिलिमीटरच्या दशांशासाठी झगडत होतो. पण दाराबाहेर पडल्यावर तो कसा बसवला जातो हे पाहायला आम्हाला कोणी नेले नाही, आणि बसवणाऱ्याला चार ओळींचा मराठी कागदही कोणी दिला नाही. डब्यावर किंमत असते, होलोग्राम असतो. 'शेवटचा आवळ गाडी चाकांवर असताना द्या' एवढे एक वाक्य मी बुशच्या डब्यावर कधीच पाहिले नाही. मोटारमालक ओरिजिनलसाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजतो आणि त्याच ओरिजिनलचे आयुष्य पहिल्याच दुपारी पिळून काढले जाते.

रस्त्यांचा विषय निघालाच आहे तर गतिरोधकांबद्दलही एक सांगतो. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीनुसार गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी, म्हणजे गाडी जाते त्या दिशेने, ३.७ मीटर असते. आपल्या सोसायट्यांच्या फाटकांवर रातोरात घातले जाणारे उंचवटे तेवढ्याच उंचीचे पण हातभर रुंदीचे असतात. पुढच्या वेळी सोसायटीच्या सभेत हा विषय आला तर ही दोन मापे जरूर सांगावीत, कारण लोअर आर्मचा बुश आणि स्टॅबिलायझरचा, म्हणजे वळणावर गाडीचे कलणे आवरणाऱ्या दांड्याचा, लिंक रॉड तिथे रोज दोनदा मार खातो.

संयोजकांनी आता चिठ्ठी पाठवली आहे की दहा मिनिटे उरली आहेत. तेव्हा मूळ प्रश्नाकडे वळतो आणि जे सावकाश सांगायचे होते ते भराभर सांगतो.

मोटार कंपन्या बहुतेक सस्पेन्शन स्वतः बनवत नाहीत. गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून शॉक अ‍ॅब्सॉर्बर बनवते, तिचे कारखाने आपल्या चाकणला आणि नाशिकला आहेत. ती मोटार कंपन्यांना माल पुरवते आणि स्वतःच्या डब्यातही विकते. चेन्नईच्या राणे समूहाचे स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे जोड असेच दोन्ही वाटांनी जातात. म्हणून 'कंपनीचा' आणि 'लोकल' यांच्या मध्ये तिसरा डबा असतो: मूळ पुरवठादाराचा स्वतःचा. युरोपीय गाड्यांच्या बाबतीत लेमफर्डरसारख्या पुरवठादाराच्या डब्यातला आर्म हाती घेतला तर मोटार कंपनीचे चिन्ह घासून काढलेली जागाही कधी कधी दिसते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला, तो याच वाटा अडवल्याबद्दल: सुटे भाग खुल्या बाजारात आणि स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू न दिल्याबद्दल. दंडाच्या रकमेवरून पुढे अपिले झाली, पण बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही त्या आदेशात म्हटले आहे. आपल्याला कोणी वॉरंटीची भीती घातली तर हे लक्षात असू द्यावे.

आता भागांनुसार माझे मत. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे टोक, तुटला तर चाक आडवे होते, गाडी चालवणाऱ्याच्या हाती काही राहत नाही. इथे कंपनीचा किंवा मूळ पुरवठादाराचाच भाग घ्यावा, काटकसर करू नये. काही कंपन्या बॉल जॉइंट सुटा न देता पूर्ण आर्मच देतात, म्हणून गॅरेजवाले बाहेरचा सुटा जॉइंट दाबून बसवतात आणि सैल वाटला तर वेल्डिंगचे दोन टिपके मारतात. असे वेल्डिंग दिसले तर गाडी तिथून हलवू नये, आधी तो आर्म बदलायला लावावा. शॉकअप नावाजलेल्या उत्पादकाचा असेल तर बाहेरचा चालतो, पण एका अ‍ॅक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीवर, दोन्ही एकदम आणि एकाच बनावटीचे बदलावेत, आणि वरचे माउंटिंग व बेअरिंग त्याच वेळी तपासून घ्यावे. स्प्रिंगच्या बाबतीत घाई नको: एकाच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेल आवृत्त्यांच्या स्प्रिंगा निराळ्या असू शकतात, त्यांवर ओळखीसाठी रंगाचे पट्टे असतात, तेव्हा चासी क्रमांकावरून पार्ट नंबर काढूनच मागवावी. लिंक रॉड आणि स्टॅबिलायझरचे बुश मात्र चांगल्या नावाचे बाहेरचे घेतले तरी चिंता नाही. ते गेले तर आवाज येतो, गाडी वळणावर जरा जास्त कलते, आणि आपल्याला गॅरेजपर्यंत जाता येते.

डुप्लिकेट ही मात्र वेगळीच गोष्ट आहे. बाहेरचा भाग स्वतःच्या नावाने विकला जातो, तर डुप्लिकेट दुसऱ्याचे नाव चोरून विकला जातो. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे डब्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली हवी. ती नसेल किंवा दुकानदार पक्के बिल देत नसेल तर डबा कितीही ओळखीचा वाटला तरी परत करावा. काम झाल्यावर जुना भाग मागून घ्यावा, आणि आर्म, टाय रॉड एंड किंवा स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र जोड, बदलला असेल तर व्हील अलाइनमेंट करून त्याचा छापील कागद घ्यावा.

मी येताना दोन बुश उभे चिरून आणले आहेत. एक माझ्या त्या गाडीतला पिळून फाटलेला, कंपनीचा; दुसरा बाजारातला सर्वांत स्वस्त, अजून न वापरलेला. दोन्ही इथे टेबलावर ठेवतो. त्या दुसऱ्याचे रबर कडेला नखाने उचलून पाहा, खालचा धातू उघडा दिसेल.