वेलीखालचा बोध (मातीचा वरंबा) उकरून बघा

मंडळी, द्राक्षवेलीची ही कुजलेली मुळी पुढच्या रांगेपासून हातोहात फिरवा. हाताला काळं लागेल, लागू द्या. साल दोन बोटांत धरून ओढा. ती सुटून येते आणि आत नुसता दोरा उरतो. आज सकाळी कासेगावच्या वाटेवरच्या एका बागेतून आणलीय. तिथं ऑक्टोबर छाटणीनंतर फूट जोमदार निघाली होती. घड पोसायला लागले आणि सहा वेलींनी भर दुपारी माना टाकल्या.

छाटणीनंतरची पहिली फूट खोडात नि मुळांत साठलेल्या अन्नावर निघते. मुळी कुजलेली असली तरी तेव्हा कळत नाही. मण्यांना पाणी लागलं की सगळं उघडं पडतं.

माझंही असंच चुकलं. २०२० च्या ऑक्टोबरातला पाऊस आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. माझ्या बागेत खालच्या अंगाला चार दिवस पाणी उभं होतं. पुढं पानं पिवळी पडली. जमीन चुनखडीची, म्हणून लोह कमी पडलं असं धरलं आणि फेरस देत बसलो. अहो, लोह कमी पडलं तर शेंड्याचं कोवळं पान पिवळं होतं, शिरा हिरव्या राहतात. माझ्या वेली खालपासून वरपर्यंत फिकट होत्या. तरी कुदळ हातात घेतली नाही. चाळीस वेली गेल्या. ते दुःख अजून जात नाही.

मूळकूज एकाच बुरशीची नसते. फ्युजॅरियम आहे, रायझोक्टोनिया आहे. फायटोफ्थोराला आपण बुरशी म्हणतो, पण ती खरी बुरशी नव्हे, डाऊनीच्या, म्हणजे केवडा रोगाच्या, भावकीतली आहे. तिचे बीजाणू शेपटीच्या जोरावर पाण्यात पोहत मुळीपर्यंत जातात. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक कितीही ओता, तिला काही होत नाही. उलट शेणखतातून घातलेला ट्रायकोडर्मा, ही आपली मित्रबुरशी, मात्र त्यानं मरतो.

कॅलिफोर्नियात आर्मिलारिया नावाची बुरशी तोडलेल्या झाडांच्या मुळांवर वर्षानुवर्षं जगते आणि नंतर लावलेल्या द्राक्षवेलींना धरते. ती आपली अडचण नव्हे, पण नांग्या भरताना, म्हणजे मेलेल्या वेलीच्या जागी नवी लावताना, मेलेल्या वेलीची मुळं खड्ड्यात तशीच ठेवू नका.

‘डॉगरिजचा खुंट आहे, काही होत नाही,’ असं मला दर सभेत ऐकू येतं. खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर आपण द्राक्षाचं कलम करतो ती वेल. हा खुंट क्षार सोसतो, पाण्याचा ताण सोसतो. पण हवा त्यालाही लागते. काळ्या रानात वाफसा यायच्या आत, म्हणजे जादा पाणी निचरून मातीत हवा खेळायच्या आत, पुन्हा ठिबक सोडलं की मुळी गुदमरते, आणि गुदमरलेल्या मुळीत कूज सहज शिरते. आधी चर काढून पाणी बाहेर घाला, औषधाचं नंतर बघू.

आता उठा. मागच्या बागेच्या मालकांनी परवानगी दिलीय, कुदळ तिथंच ठेवलीय. ड्रिपरखाली वीतभर उकरू आणि पांढरी, निरोगी मुळी कुठवर आहे ते बघू.