एकाच भिंतीवरचे दोन कागद

भुयारी रेल्वेच्या फलाटावर किंवा बसथांब्यावर उभे राहिलो की समोर दोन प्रकारचे कागद दिसतात. एक जाहिरातीचा आणि दुसरा मार्गांच्या नकाशाचा. पुष्कळदा दोन्ही सारख्याच काचेच्या चौकटीत, शेजारी शेजारी लावलेले असतात. जाहिरातीची मुदत संपली की तिच्या जागी नवा कागद ठरल्या दिवशी लागतो. नकाशावर मात्र बंद झालेला मार्ग कितीतरी दिवस चालूच राहतो आणि हलवलेला थांबा जुन्याच जागी टिकून असतो. असे का होते आणि ते बदलता येईल का, एवढ्याच प्रश्नाविषयी मी आज बोलणार आहे.

हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. १९०८ साली लंडनच्या भुयारी रेल्वेच्या प्रसिद्धीचे काम फ्रँक पिक यांच्याकडे आले, तेव्हा स्थानकांच्या भिंती जाहिरातींनी इतक्या भरलेल्या होत्या की गाडीतल्या प्रवाशाला स्थानकाचे नाव शोधावे लागे. पिक जाहिरातींच्या विरोधात नव्हते. उलट उत्तम चित्रकारांकडून जाहिरातीची भित्तिपत्रके करून घेणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती आहे. त्यांनी जाहिरातींना नेमून दिलेल्या चौकटी आखल्या. त्याच काळात स्थानकाचे नाव लाल गोलावरच्या निळ्या पट्टीत येऊ लागले, म्हणजे जाहिरातींच्या गर्दीतही ते वेगळे उठून दिसावे. पुढे त्यांनी एडवर्ड जॉन्स्टन यांच्याकडून स्वतंत्र अक्षरवळण करून घेतले. १९१६पासून ते वापरात आले. संस्थेची सूचना आणि व्यापाऱ्याची जाहिरात यांची गल्लत होऊ नये, हा त्यामागचा एक हेतू होता. प्रवाशाला लागणारी माहिती आधी आणि उरलेल्या भिंतीवर जाहिरात, हा क्रम पिक यांनी ठरवला. आजही तोच योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

आता नकाशाकडे येऊ. हॅरी बेक या आरेखकाने १९३१ साली काढलेला आणि १९३३ साली खिशात मावेल अशा आकारात छापला गेलेला लंडनचा नकाशा सर्वांना ठाऊक आहे. त्यात आडव्या, उभ्या आणि पंचेचाळीस अंशांत तिरक्या रेषा आहेत, आणि जमिनीवरची ओळखीची खूण म्हणून एकटी थेम्स नदी. खरी अंतरे त्यात दिसत नाहीत, म्हणूनच कुठे चढायचे आणि कुठे गाडी बदलायची हे पटकन कळते. २००९ साली या नकाशाची नवी आवृत्ती काढताना ती नदीच वगळली गेली, तेव्हा लोकांनी इतकी नाराजी दाखवली की काही महिन्यांतच ती परत आणावी लागली. नकाशाचे नूतनीकरण म्हणजे नुसती दुरुस्ती नव्हे, हे या प्रसंगातून दिसते. प्रवाशाच्या मनात शहराचे जे चित्र बसलेले असते, त्याला आपण हात लावत असतो.

हे चित्र किती प्रभावी असते, याचा अभ्यास झाला आहे. लंडनच्या प्रवाशांनी निवडलेले मार्ग तपासून झान ग्वो यांनी २०११ साली असे दाखवले की मार्ग निवडताना प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेपेक्षा नकाशावर दिसणाऱ्या अंतराचा प्रभाव जास्त असतो. नकाशावर इतका विश्वास असेल, तर तो जुना ठेवणे ही साधी कुचराई राहत नाही. चुकीचा नकाशा माणसाला प्रत्यक्ष चुकीच्या रस्त्याला लावतो.

जाहिरातीच्या पैशाने नकाशावरची नावेच बदलू लागतात, तेव्हा हे दोन्ही कागद एकमेकांत मिसळतात. फिलाडेल्फियातल्या पॅटिसन स्थानकाला २०१० साली एका दूरध्वनी कंपनीचे नाव मिळाले आणि २०१८ साली एका वीज कंपनीचे. माद्रिदमध्ये सोल स्थानकाच्या आणि मेट्रोच्या मार्गिका क्रमांक दोनच्या नावाला २०१३पासून तीन वर्षे एका कंपनीचे नाव जोडलेले होते. लंडनमध्ये सप्टेंबर २०२३मध्ये बाँड स्ट्रीट स्थानकाच्या पाट्यांवर काही दिवस एका कपड्यांच्या कंपनीचे नाव झळकले आणि प्रवाशांचा गोंधळ उडाला. स्थानकाचे नाव हा पत्ता असतो. तो कराराच्या मुदतीनुसार बदलू लागला की प्रत्येक बदलाबरोबर सगळे नकाशे, पाट्या आणि गाडीतल्या घोषणा बदलाव्या लागतात, आणि त्यातले काहीतरी मागे राहतेच.

बसच्या खिडक्यांवर चिकटवलेल्या बारीक छिद्रांच्या जाहिरातींच्या पडद्यांचाही येथे उल्लेख करतो. ज्याला नकाशा वाचता येत नाही, त्याच्यासाठी खिडकीतून दिसणारी दुकाने आणि चौक हाच नकाशा असतो. पावसाळी संध्याकाळी त्या छिद्रांमधून बाहेरचे काहीच ओळखू येत नाही.

तरीही जाहिराती काढून टाका, असे मी म्हणणार नाही. बसथांब्याचा निवारा आज आपल्याला ज्या रूपात दिसतो, तोच मुळी जाहिरातीतून उभा राहिला. १९६४ साली झाँ-क्लोद दकॉ यांनी फ्रान्समधल्या लियाँ शहरात निवारे उभारले. ते बांधायचे, पुसायचे, दुरुस्त ठेवायचे काम त्यांच्याकडे आणि त्या बदल्यात जाहिरातीचा हक्कही त्यांचाच, असा तो व्यवहार होता. पुढे अनेक शहरांनी तो स्वीकारला.

माझे म्हणणे याच व्यवहारातून सुरू होते. जाहिरात वेळेवर बदलते, कारण तिच्यासाठी पैसे मोजणारा कोणीतरी असतो आणि ती लागली की नाही हे तपासणाराही असतो. नकाशामागे असा कोणी उभा नसतो; वेळापत्रक आखणारा विभाग वेगळा, छपाईचा वेगळा आणि चौकटीची किल्ली तिसऱ्याकडे. मग ज्या हाताने काच उघडून जाहिरात बदलली जाते, त्याच हाताने शेजारचा नकाशाही का बदलू नये? जाहिरातीच्या हक्काच्या निविदेतच एक अट घालावी: मार्गात बदल झाल्याचे कळवल्यानंतर ठरावीक दिवसांत सर्व चौकटींत नवा नकाशा लागला पाहिजे, आणि तो लागेपर्यंत त्या थांब्यावरची जाहिरातीची जागा विकता येणार नाही.

आता सगळे फोनवरच पाहतात, मग कागदाची चिंता कशाला, असे कोणी विचारील. मार्गांची माहिती एका समान रचनेत प्रसिद्ध करण्याची पद्धत २००५च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये सुरू झाली आणि तिच्यामुळे फोनवरचे नकाशे शक्य झाले, ही मोठीच सोय आहे. परंतु फोनवर एक आणि भिंतीवर दुसरे दिसू लागले, की माणसाचा दोन्हींवरचा विश्वास उडतो. शिवाय शहरात नव्याने आलेला पाहुणा, वृद्ध प्रवासी आणि फोनमधली बॅटरी संपलेला माणूस यांच्यासाठी भिंत हाच आधार असतो. म्हणून दोन्हींचे मूळ एकच ठेवावे: ज्या माहितीतून फोनवरचा नकाशा तयार होतो, तिच्यातूनच छापील नकाशाही काढावा आणि त्याच्या कोपऱ्यात तो कोणत्या तारखेपर्यंतचा आहे हे लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत छापावे. चौकट उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला फक्त ती तारीख पाहून ठरवता येईल की हा कागद राहू द्यायचा की काढायचा.